फिकट गुलाबीवर थांबले

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला नापास झाले होते. हे मी कुणी न विचारताही सांगते. लोकांना वाटतं अशा गोष्टी झाकून ठेवायच्या असतात. मार्कशीटवर ती खूण अजून आहे, आणि मुलाखतीत समोरचा माणूस पानं उलटता उलटता तिथं थांबला की मला उलट हुशारी येते. इथं काय झालं होतं, असं तो विचारतो. वेळ असेल तर सांगते, असं मी म्हणते. बहुतेकांना वेळ नसतो. म्हणून इथं सांगून टाकते.

शिरूरच्या कॉलेजात पहिल्या दिवशी केमिस्ट्रीच्या सरांनी काहीच शिकवलं नाही. त्यांनी फळ्यावर नियम लिहिले आणि आम्हाला उतरवून घ्यायला लावले. थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं. दोन्हीत स्वतंत्र पास व्हायचं, एकातले जास्तीचे मार्क दुसऱ्यात जाणार नाहीत. हजेरी पंच्याहत्तर टक्के. वर्षाअखेर जर्नल पूर्ण पाहिजे आणि त्यावर सरांची सही पाहिजे, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सर्वांत जास्त मार्क रीडिंगला, म्हणजे प्रयोगात येणाऱ्या आकड्याला. खऱ्या आकड्याच्या जितकं जवळ तितके मार्क. मागच्या बाकावरच्या मुलांनी उसासे टाकले. मला मात्र नियम आवडले. आमच्या घरातही नियम होते, पण ते कुणी लिहून देत नव्हतं, मोडल्यावरच कळायचे.

आमचं घर न्हावऱ्याचं, धनगराचं. मेंढरं आजोबांच्या हयातीतच विकली गेली. आता ऊस, कांदा आणि गोठ्यात गाई. माझे वडील धाकटे, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो आबांचा, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांचा. आबांची मुलगी, माझी ताई, बारावीनंतर एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. रोज सकाळी फाट्यावर कंपनीची बस यायची आणि गावातल्या सात-आठ पोरी तिच्यात चढायच्या. मला बारावीला बरे मार्क पडले तेव्हा दादांनी, म्हणजे वडिलांनी, कॉलेजचा विषय काढला. आबा माझ्याकडे बघून बोलले.

"माझी पोरगी बसला उभी ऱ्हाती. तुला येगळा न्याय द्यायचा तर त्याला कारण पायजे. पास होतीस तवर शिक. नापास झालीस की तूबी बसला."

मी व्हय म्हणाले. ह्यात त्यांची काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. ताई माझ्यापेक्षा हुशार होती आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. म्हणून कॉलेजच्या नियमांच्या खाली मी स्वतःच्या अक्षरात आबांचाही नियम लिहून ठेवला. तो सगळ्यांत कडक होता. कॉलेजात एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येतं. आबांच्या वर्गात तशी सोय नव्हती.

आता प्रॅक्टिकलचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. प्रयोग अगदी सोपा असतो. खाली काचेच्या फ्लास्कमध्ये मोजून आम्ल घ्यायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या सूचकाचे दोन थेंब टाकायचे. वर ब्युरेट नावाची उभी नळी असते, तिच्यात सोडियम हायड्रॉक्साइड. तोटी फिरवून ते खाली थेंब थेंब सोडायचं आणि फ्लास्क हलवत राहायचं. आम्ल संपलं की पांढऱ्या पाण्याला गुलाबी रंग येतो. तिथं थांबायचं आणि नळीवर किती मिलिलिटर लागलं ते वाचायचं. त्या आकड्याला रीडिंग म्हणतात. बाकी सगळं गणित त्यावरून निघतं.

आमची बॅच दुपारची. मुलं वीसेक, ब्युरेट त्यापेक्षा कमी, आणि पाचची एसटी चुकली की न्हावऱ्याला जायला वडापची जीप शोधावी लागायची. सर दाराजवळच्या टेबलाशी बसत. ते तासिका तत्त्वावरचे होते, आठवड्याचे तीन दिवस शिरूरला आणि तीन दिवस दौंडला शिकवायचे. ती सगळी ये-जा मोटारसायकलवर. त्या रस्त्यानं त्यांच्या कंबरेची वाट लावली होती, शर्टाखालचा पट्टा वाकताना दिसायचा. एकदा खुर्चीत बसले की तास संपेपर्यंत ते उठत नसत. आमचा ओटा प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी. फ्लास्कमध्ये रंग आला की तो हातात उंच धरायचा, सर लांबून बघायचे आणि मान हलवायचे. मान हलली की मग रीडिंग लिहायचं. बहुतेक वेळा मान हलायचीच नाही. सर म्हणायचे, "दिसत नाही. अजून टाक." मग अजून टाकायचं. फ्लास्क गुलकंदाच्या पाण्यासारखा भडक झाला की सरांची मान हलायची.

पहिल्या आठवड्यातच आमच्या बॅचचा मोबाइलवर ग्रुप झाला आणि त्यावर सगळ्या प्रयोगांची रीडिंग आली. सरांनी दिलेली नव्हती. मागच्या बॅचनं दिली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. ह्या प्रयोगाचं रीडिंग दहा पॉइंट चार. सोल्युशनं दर वर्षी त्याच मापानं बनायची, त्यामुळे आकडाही तोच चालत आला होता. सरांच्या टेबलावर एक जुना कागद असायचा, त्यावरही तोच. सरांच्या आधी जे होते त्यांनी तो ठेवला होता. सगळ्यांच्या जर्नलमध्ये दहा पॉइंट चार, कुणाकुणाचं शोभेसाठी दहा पॉइंट तीन. सगळे सुखी होते.

माझी अडचण इंग्रजीची होती. मी मराठी माध्यमाची. प्रयोगाचं पुस्तक इंग्रजीत. ज्यांना इंग्रजी येत होतं ते पानावरून नजर फिरवून मोकळे व्हायचे. मला तसं सोडून देता येत नव्हतं, कारण कुठला शब्द महत्त्वाचा नाही हे कळायलासुद्धा आधी भाषा यावी लागते. म्हणून मी मोबाइलवर एकेक शब्द काढत सगळं वाचलं. पुस्तकात गुलाबी एवढंच लिहिलेलं नव्हतं. फिकट गुलाबी लिहिलं होतं, जेमतेम दिसेल असा. आणि तो अर्धा मिनिट टिकला पाहिजे. त्याच्या पुढे एक थेंबही नको, असं खाली वेगळ्या ओळीत होतं.

मी फिकट गुलाबीवर थांबले. रीडिंग आलं नऊ पॉइंट सात. पुन्हा केलं, तेवढंच. तिसऱ्यांदा केलं, तेवढंच. मी फ्लास्क उंच धरला.

सर म्हणाले, "दिसत नाही. अजून टाक."

मी टाकलं नाही. फ्लास्क खाली ठेवला आणि जर्नलमध्ये नऊ पॉइंट सात लिहिलं. माझ्या शेजारी ओट्यावर केंदूरची एक मुलगी असायची. तिच्या घरी शेवंती आणि झेंडूची शेती, सणाच्या आधी तिची बोटं फुलांच्या वासाची असायची. अभ्यासात ती माझ्यापेक्षा पुढे होती आणि स्वभावानं सरळ. तिनं माझ्या जर्नलमध्ये डोकावून बघितलं आणि हळूच म्हणाली, "आगं दहा पॉइंट चार लिही आन् चल. गाडी जाईल." मी म्हणाले, मला आलं नाही ते. ती म्हणाली, कुणालाच येत नाही. हे तिनं इतकं सहज सांगितलं की मला हसूच आलं.

पुढच्या आठवड्यात जर्नल तपासताना सरांनी माझ्या आकड्याभोवती लाल गोल केला आणि मला टेबलाशी बोलावलं. ते चिडले नव्हते. शांतपणे म्हणाले, परीक्षेला बाहेरून परीक्षक येतो, त्याला आपण आपलं रीडिंग देतो, तो त्याच्याशी तुमचं ताडून बघतो. तुझ्यात आणि त्यात एवढा फरक पडला तर रीडिंगचे मार्क शून्य, आणि रीडिंग चुकलं की त्यावरचं गणितही चुकलं. तुझ्याच भल्याचं सांगतो, बदल. मी म्हणाले, सर, आलंय ते लिहिलंय. ते म्हणाले, सगळ्यांचं दहा पॉइंट चार येतं आणि एकटीचं तुझं वेगळं, तर चूक कुणाची?  डोक्यात तिडीक गेली होती आणि तिडीक गेली की माझी वाचा बसते. मी पुस्तकातली ओळ दाखवली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, पुस्तकं परदेशातल्या प्रयोगशाळेसाठी लिहिलेली असतात.

त्या रविवारी घरी कांद्याची काटणी होती. बांधाला बसून पाती कापता कापता मी मनातल्या मनात सरांशी भांडत होते आणि तिथं मला सगळी उत्तरं सुचत होती. भीतीही वाटत होती, ते खोटं कशाला सांगू. एका आकड्याचा प्रश्न होता. दोन अंक खोडायचे आणि दोन लिहायचे. जूनपासून मी रोज सकाळी ताईला बसमध्ये चढताना बघत होते, आणि मी तिच्या उलट्या दिशेच्या एसटीची वाट बघत असायचे. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. हे सगळं एका आकड्यावर लावायचं का, असं मी स्वतःला विचारलं. आणि जितकं विचारलं तितकी मी हट्टाला पेटले. मला जे दिसलं ते मी लिहायचं नाही, आणि न दिसलेलं लिहिलं की मी पास, ह्याला जर शिक्षण म्हणायचं असेल तर मग ताईनं काय वाईट केलं होतं?

ह्यावर मी एक उपाय काढला. पुढच्या प्रॅक्टिकलला मी फिकट गुलाबी आणला आणि फ्लास्क उंच न धरता तसाच उचलून सरांकडे निघाले. ओट्यांच्या मधून, पिशव्या ओलांडत, रांगेत उभ्या पोरांना बाजूला करत. सांडू नये म्हणून जपून, पण हातात फ्लास्क हलतच होता. टेबलाशी पोचले, सरांसमोर ठेवला. सरांनी बघितलं.

"पांढरं आहे हे."

खरंच पांढरं होतं. रंग वाटेत विरून गेला होता. पोरं हसली, आणि मी सगळ्या बॅचसमोर नुसतं पाणी घेऊन उभी राहिले.  सर म्हणाले, म्हणून सांगतो अजून टाक. परत ओट्यावर आले तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फिकट रंग हवेतला वायू ओढून घेतो आणि मिनिटभरात उडतो, हेही पुस्तकात होतं, मीच पुढचं पान वाचलं नव्हतं. कधीकाळी, सरांच्याही आधी, कुणीतरी असाच बरोबर फ्लास्क घेऊन टेबलाशी आलं असणार आणि त्याला पांढरं म्हणून परत पाठवलं असणार. पुढच्या वेळी त्यानं जास्त टाकलं. मग सगळेच टाकू लागले. खिडकीपासून दारापर्यंत जेवढं चालायचं तेवढा रंग फ्लास्कमध्ये जादा पडत होता, आणि तो जादा रंग सगळ्यांच्या जर्नलमध्ये दहा पॉइंट चार होऊन बसला होता.

मी तिथूनच म्हणाले, सर, तुम्ही एकदा इथं या. इथं उभं राहून बघा.

 सरांनी हजेरीचं पुस्तक मिटलं. "आता तू मला शिकवणार का?" ते एवढंच म्हणाले आणि पुन्हा पुस्तक उघडलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या जर्नलला हात लावला नाही.

परीक्षा जवळ आली तशी सगळ्यांची जर्नलं सह्या होऊन परत आली. माझं आलं नाही. सही नाही तर परीक्षा नाही. केंदूरची मैत्रीण म्हणाली, मी तुझ्यासाठी लिहिते, अक्षर माझं राहील, पाप मला. मी तिचा पेन काढून घेतला. मग माझी वही उघडून सरांकडे गेले आणि पहिल्या दिवशी त्यांनीच उतरवून दिलेला नियम त्यांना वाचून दाखवला. सर, जर्नल पूर्ण पाहिजे, असं तुम्ही सांगितलं होतं. माझं एकही पान कोरं नाही. आकडा चूक असेल तर परीक्षेत मार्क कापा, पण सही अडवायचा नियम इथं लिहिलेला नाही. आवाज चांगला खणखणीत निघाला.

 सरांनी सही केली, आणि खाली लाल शाईत लिहिलं: रीडिंग मान्य नाही.

परीक्षेला मला तोच प्रयोग आला. बाहेरून आलेले परीक्षक दारापाशी सरांच्या शेजारी बसले होते आणि त्यांच्या पुढे तो जुना कागद होता. मी नऊ पॉइंट सात लिहिलं. तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं, कुठं थांबायचं असतं? मी सांगितलं. ते म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण मग रीडिंग असं का? मी म्हणाले, त्याच्यामुळेच. त्यांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. निकालात थिअरीला मला चांगले मार्क होते. प्रॅक्टिकलला पास व्हायला हवे होते त्यापेक्षा दोन मार्क कमी पडले.

घरी मी लपवलं नाही. संध्याकाळी आबा जेवायला बसले तेव्हा सगळं सांगितलं. त्यांना ब्युरेट कळली नसेल, पण मुद्दा लगेच कळला.

"त्यो आकडा लिव्हला असता तर पास झाली असतीस?"

"व्हय."

"मग लिव्हला का न्हाईस?"

"मला आला न्हवता, आबा."

ते जेवत राहिले. आई दारात उभी होती, दादा खाली बघत होते. मला वाटलं, आबा आता काहीतरी वेगळं बोलतील. हात धुऊन ते म्हणाले, "शब्द म्हंजी शब्द. सोमवारपासनं ताईसंगं जा." मी म्हणाले, जाते. पण राहिलेली परीक्षा मी देणार, आणि पास झाले तर जूनपासून कॉलेज. त्यांनी मला निरखून बघितलं. आधी पास हो, म्हणाले.

मला त्यांचा राग आला आणि तो मी अजून पूर्ण सोडलेला नाही. आकडा बदलला नाही म्हणून मला शिक्षा, आणि शब्द बदलला नाही म्हणून त्यांना मान. हे मी त्यांना पुढे एकदा तोंडावर ऐकवलं. ते हसले आणि म्हणाले, घरात दोन हट्टी माणसं असली की असंच व्हायचं.

कंपनीत मी खोक्यांवर पट्टी लावायचे. माझ्या समोर बिहारची एक बाई होती, ती दिवसभर गाणं गुणगुणायची आणि मला "पढ़ाई वाली" म्हणायची. काम जड नव्हतं, कंटाळवाणं होतं. बसमध्ये जाता-येता मी केमिस्ट्रीचं पुस्तक काढायचे. ह्या खेपेला पुढची पानंसुद्धा वाचली. ताई शेजारी बसून झोपायची आणि माझ्या खांद्यावर कलंडायची. एका सकाळी मी फाट्यावर कंपनीचा निळा अॅप्रन घालून उभी होते आणि दौंडच्या दिशेनं निघालेली सरांची मोटारसायकल आली. त्यांनी मला ओळखलं. गाडी हळू झाली, काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात आलं असावं, मग गेली. मी मान खाली घातली नाही. म्हटलं, बघा.

राहिलेल्यांची परीक्षा दौंडच्या कॉलेजात एकत्र ठेवली होती. कंपनीतून सुट्टी घेऊन मी चौफुल्यावरून गाडी बदलत गेले. प्रयोगशाळेत शिरले तर दाराजवळच्या टेबलाशी सर. शेजारी बाहेरून आलेल्या एक वयस्कर परीक्षक बाई, आणि त्यांच्या पुढ्यात आकड्यांचा कागद. इथला ओटाही लांबच होता. मला क्षणभर वाटलं की पाठ फिरवावी आणि स्टेशनवर जाऊन बसावं. पुन्हा तेच होणार, मग पुन्हा खोकी, आणि मग एके दिवशी मीसुद्धा बसमध्ये शांत झोपायला शिकणार. त्या विचारानंच मी ओट्यापाशी गेले.

प्रयोग पुन्हा तोच होता, बाकीची पोरं तो भराभर करत होती. बरेच जण रेल्वेनं आलेले, त्यांना परतीची गाडी गाठायची होती. एकेक भडक फ्लास्क वर जात होता आणि टेबलाकडून माना हलत होत्या. माझ्या फ्लास्कमध्ये थेंबाथेंबानं फिकट गुलाबी आला. मी तोटी बंद केली आणि हात मागे घेऊन उभी राहिले. फ्लास्क उचललाच नाही.

सर लांबून म्हणाले, "झालं असेल तर दाखवा." इथं ते मला अहो-जाहो करत होते.

"इथून दिसणार नाही, सर. तुम्हाला यावं लागेल."

सगळ्यांनी वळून बघितलं. परीक्षक बाईंनी सरांकडे बघितलं.  सर टेबलाला दोन्ही हात लावून उठले, कंबरेवर हात ठेवला आणि चालत आले. ते पोचेपर्यंत फ्लास्क पांढरा झाला होता. त्यांनी तो बघितला, मग वळून आपल्या खुर्चीकडे बघितलं, मग पुन्हा फ्लास्ककडे.

"गेला," ते म्हणाले.

मी म्हणाले, होय, जातो तो. एवढंच म्हणाले. बाकीचं मला वर्षभर पाठ होतं, पण तिथं त्याची गरज उरली नव्हती.

"पुन्हा करा. मी उभा आहे."

मी दुसरा फ्लास्क घेतला. आम्ल मोजलं, सूचक टाकला, तोटी सोडली. सर माझ्या खांद्याशी उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. नऊच्या पुढे गेल्यावर मी थेंबावर आणलं. थेंब पडायचा, गुलाबी ठिपका उमटायचा, हलवलं की विरायचा. फ्लास्कखाली पांढरा कागद हवा होता. मी मागायच्या आत सरांनी खिशातला घडी केलेला कागद काढून खाली सरकवला. मग वाकले. पट्टा करकरला. एक थेंब पडला आणि तो ठिपका विरला नाही, सगळ्या पाण्यात पसरून राहिला, इतका फिकट की दोन पावलं मागं गेलं असतं तर दिसला नसता.

"बास," सर म्हणाले.

माझा हात तोटीवर होता, मी आधीच बंद केली होती. पण ते त्यांनी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, आणि सगळ्या प्रयोगशाळेनं ऐकलं. मग त्यांनी नळीवरचा आकडा स्वतः वाचला, माझ्या उत्तरपत्रिकेवर स्वतःच्या पेननं लिहिला आणि बाजूला सही केली. टेबलाशी परत जाऊन ते बाईंना म्हणाले, "मॅडम, आपल्या कागदावरचं रीडिंग बदलावं लागेल. ह्या सगळ्यांना पुन्हा करायला लावू. मी फिरून बघतो."

रेल्वेवाल्या पोरांची गाडी गेली. बाहेर आल्यावर त्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. एकानं विचारलं, तुला काय मिळालं गं हे करून? मला जूनपासून दुसऱ्या वर्षाला जायचं होतं, ते मिळालं. मी त्याला सांगितलं, पुढची गाडी तासाभरात आहे, चहा पिऊन या.